डाव्या जिन्यावरचा पहारेकरी

ग्रेटा नावाच्या एका बाईचा ईमेल उपासनाला आला, तेव्हा लहूने पहिली चौकशी केली ती एवढीच, की तुझा पत्ता तिला दिला कोणी.

"बाबा, लिंक्डइनवर सगळ्यांचं सगळं असतं," उपासना म्हणाली. रविवार होता. मुलीला घेऊन ती आईवडिलांकडे नेपरव्हिलला जेवायला आली होती. "शी रन्स अ म्यूझियम. जुन्या आर्केड गेम्सचं. विचारतेय, नाइन्टीन एटीटूमध्ये 'फ्यूएल रनर' नावाचा गेम डिझाइन करणारे रामटेके तुमचे कोणी का."

"राँग पर्सन म्हणून कळव."

शीला मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली. "राँग कसं? शिकागोत लहू रामटेके कितीसे असतील?"

उपासना आईकडे बघत राहिली, मग वडिलांकडे. बाबा म्हणजे सलाइनचा पंप चालवणारी सॉफ्टवेअर लिहिणारे इंजिनिअर, रिटायर झालेले, दारावरच्या कॅमेऱ्यात दिवसातून दहादा डोकावणारे. बाबांनी कधी गेम बनवला असेल हे तिच्या कानावरही नव्हतं. लहानपणी मॉलमध्ये ती आर्केडच्या दाराशी रेंगाळली, की ते तिचा हात धरून भराभर पुढे चालू लागत. बाबांना असला पोरखेळ आवडत नाही, असंच ती समजून होती.

"तुम्ही गेम बनवायचे?"

"एक बनवला होता," लहू म्हणाला. "ती भानगड संपली. असल्या लोकांना आता कशाला आठवण येते, ते बघ. सही हवी असेल, नाहीतर काहीतरी विकायचं असेल."

संशय घेण्यात लहूचा हात कोणी धरत नसे. शेजाऱ्याने आपण होऊन याच्या ड्राइव्हवेतला बर्फ काढला, तरी त्याचं काय काम अडलं असेल याचा हा दोन दिवस विचार करी. शिकागोतल्या आपल्या लोकांची संघटना चौदा एप्रिलला हॉल घेऊन कार्यक्रम करते. तिथेही हा शेवटच्या रांगेत बसे आणि जेवण व्हायच्या आत निघे.

नागपूरला इंदोऱ्यात वाढलेला मुलगा. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याला कळलं होतं, की "पूर्ण नाव काय?" हा प्रश्न नाव कळावं म्हणून विचारत नाहीत. पुढे अमेरिकेत एमएसला आला, पुण्यामुंबईच्या तीन मुलांबरोबर अपार्टमेंट घेतलं, आणि तिथेही महिन्याभरात तेच झालं. कोणी एक शब्द बोललं नाही. फक्त एका संध्याकाळी त्याची ताटवाटी वेगळ्या कपाटात गेलेली दिसली. तेव्हापासून माणूस काय बोलतो यापेक्षा तो कपाट कुठलं उघडतो, इकडे लहूचं लक्ष जाऊ लागलं.

अशा मुलाला नोकरी मिळाली ती हॅलर अम्यूझमेंट्समध्ये. शिकागोच्या वायव्येला विटांची बैठी इमारत. आधी तिथे पिनबॉलची मशीनं बनत, आणि ऐंशीच्या सुमारास सगळ्यांसारखे तेही व्हिडिओ गेमकडे वळले होते. बारमध्ये, पिझ्झाच्या दुकानात, बोलिंगच्या हॉलमध्ये कपाटाएवढी मशीनं उभी राहत आणि पोरं त्यांत पंचवीस सेंटचं नाणं, क्वार्टर, टाकत. धंदा जोरात होता आणि एकमेकांच्या कल्पना चोरायची चढाओढ त्याहून जोरात. हॅलरने खिडक्यांना आतून रंग दिला होता. संध्याकाळी घरी जाताना बॅगा तपासत. गेमवर डिझायनरचं नाव घालायची सक्त मनाई होती, कारण नाव कळलं की दुसरी कंपनी माणूस पळवेल. लहूला हे सगळं ओळखीचं वाटलं. इथे निदान सगळ्यांवरच संशय घेत होते, एकट्यावर नाही.

तिथे वॉल्टर नोवाक भेटला. पोलिश खाटकाचा मुलगा, गेममधली चित्रं काढायचा आणि मशीनच्या लाकडी खोक्यावरचीही. त्याने लहूचं नाव पहिल्याच दिवशी 'लू' करून टाकलं. आडनाव हजेरीच्या कार्डावर दिसे, पण त्याने ते कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यातून त्याला काही कळलं नसतं. दुपारी दोघं एकाच बाकावर डबा खात.

'फ्यूएल रनर'ची कल्पना लहूने आधी त्यालाच सांगितली. तेव्हा त्यात इंधन नव्हतं, पाणी होतं. लहूची आई उमरेडकडच्या एका खेड्यातली. लहानपणी ती घागर घेऊन विहिरीच्या काठावर तासन्‌तास उभी राहायची, कारण तिने विहिरीला हात लावायचा नव्हता. कोणी वरून ओतलं तर ओतलं. लहूच्या गेममध्ये एक छोटी बाहुली होती. ती कोणाची वाट बघत नव्हती. आपणच पायऱ्या उतरायची, तळ्यातून पाणी भरायची आणि पहारेकऱ्यांना चुकवत वर यायची. जितकं पाणी जास्त, तितका वेग कमी. मग एका खेपेत किती न्यायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. सगळी गंमत त्यात होती.

वॉल्टरने ऐकून घेतलं आणि बाहुलीच्या डोक्यावर घागर काढून दाखवली.

कंपनीचा मालक हॅलर म्हणाला, पाण्यासाठी कोण क्वार्टर टाकणार? बाहुलीचा अंतराळवीर कर, घागरीची टाकी कर, तळ्याचा इंधनाचा साठा कर. लहूने केलं. आतली चाल तीच राहिली.

गेम बाजारात यायला आठवडाभर होता, तेव्हा 'ऑइल बॉय' नावाचं मशीन शहरात दिसू लागलं. रंग निराळे, नाव निराळं, बाकी सगळं तेच. कोणीतरी चिप्समधला प्रोग्राम जसाच्या तसा उतरवून घेतला होता. हॅलरने एक मशीन विकत आणून ऑफिसात उभं केलं, लहूला बोलावलं, मशीन चालू करून पहिला पडदा दाखवला.

"तू रविवारी गेमचा सर्किट बोर्ड घरी नेतोस, हे मला आतल्याच माणसाकडून कळलंय," तो म्हणाला. "पोलिसांत जात नाही, हे माझे उपकार समज."

लहू बोर्ड घरी नेत होता हे खरं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो चुका दुरुस्त करी. शीलाशिवाय हे एकाच माणसाला ठाऊक होतं, वॉल्टरला. बाहेर पडताना लहूने त्याच्या टेबलाकडे पाहिलं. वॉल्टर खाली मान घालून काहीतरी रंगवत होता. त्याने वर पाहिलं नाही.

लहूचं गेममधलं करिअर तिथेच संपलं. त्या धंद्यात दुसऱ्या कोणी त्याला दारात उभं केलं नाही. वर्षभराने दवाखान्याची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत तो लागला, तिथेच त्याचे केस पांढरे झाले. टेबलाच्या खणाला कुलूप, कोणाशी डबा नाही. काम चोख, म्हणून कोणी नावं ठेवत नसे. वॉल्टरचं नाव घरात निघालं की तो उठून जाई, म्हणून शीलानेही ते काढणं सोडलं.

पण उपासना सोडणारी नव्हती. तिने ग्रेटाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. लहू खोलीच्या दारात उभा राहून ऐकत होता, जसं काही त्याचं त्यात काहीच नाही. ग्रेटाचा आवाज तरुण होता. तिला 'फ्यूएल रनर'चं एक चालू मशीन मिळालं होतं, शेजारी ती 'ऑइल बॉय'ही ठेवणार होती, आणि मशीनवरच्या पाटीत डिझायनरचं नाव घालायचं होतं.

"नाव तुम्हाला कुठून मिळालं?" उपासनाने विचारलं.

"मिस्टर नोवाककडून. त्यांनी चित्रं काढली होती. म्हणाले, चित्रं माझी, गेम लूचा. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत."

लहू दारातून निघून बेसमेंटमध्ये गेला.

शीला त्याच्यामागे खाली आली. "त्याने तुमचं नाव सांगितलं. आता काय म्हणता?"

"हेच तर. का सांगितलं?" लहू येरझाऱ्या घालत होता. "पाटी त्याला स्वतःच्या नावाने लावता आली असती. इतकी वर्षं गप्प बसलेला माणूस एकदम चांगला कसा होतो? मला चार लोकांत उभं करायचं असेल. हा बघा तो, ज्याने आमचा गेम बाहेर विकला."

"मला तेव्हाही वाटत नव्हतं त्याने तसं केलं असेल."

"तुला सगळेच चांगले वाटतात."

"सगळे नाही," शीला म्हणाली. "पण तुम्ही विचारायला तर हवं होतं."

शेवटी तो शीला आणि उपासनाबरोबर गेला, ते विचारण्यासाठीच. निदान त्याने स्वतःची समजूत तशी घातली. म्यूझियम म्हणजे उपनगरातलं बंद पडलेलं फर्निचरचं दुकान होतं. पार्किंग लॉटच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग, आत अंधार आणि मशीनांचा कलकलाट. कोट काढायच्या आधी लहूने बाहेर जायचा दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघून घेतलं.

वॉल्टर एका स्टुलावर बसला होता. पूर्वी अंगाने आडवा होता, आता कानात ऐकू यायचं मशीन, हातात काठी. लहूला बघून तो उठला, पण त्याने हात पुढे केला नाही. लहूनेही केला नाही. ग्रेटा आणि उपासना दोघांच्या मध्ये अवघडून उभ्या राहिल्या.

"आलास," वॉल्टर म्हणाला. "मला वाटलं नव्हतं."

"माझं नाव का दिलंस?"

"गेम तुझा होता."

"आणि बोर्डांचं हॅलरला का सांगितलंस?"

वॉल्टरने कानातलं मशीन नीट केलं. त्याला नीट ऐकू आलं होतं, पण वेळ हवा होता. "त्याने विचारलं, लू काम करतो की नाही. मी म्हटलं, अहो, तो रविवारीसुद्धा घरी बोर्ड नेऊन काम करतो. मी तुझी तारीफ करत होतो, लू. मग तो म्हणाला, तू सगळं कबूल केलंस आणि गुपचूप निघून गेलास. मी वाट बघितली. म्हटलं, फोन करेल आणि म्हणेल, मी नाही केलं. तुझा फोन आलाच नाही. तेव्हा मी मानलं, की तूच विकलंस."

"मी?"

"मग दुसरं काय मानणार होतो?"

इतकी वर्षं लहू ज्याला चोर समजत होता, तो इतकीच वर्षं त्याला चोर समजत होता. पण बोलणं खरं वाटलं तरी ते खरं असेलच असं नाही, हेही त्याच्या मनात आलं. तारीफ करत होतो, असं आता कोणीही म्हणू शकतं. हॅलर मरून कितीतरी वर्षं झाली होती. त्याला विचारायला जाता येत नव्हतं.

उत्तर टाळायचं म्हणून तो वळला आणि 'ऑइल बॉय'समोर उभा राहिला. हे मशीन त्याने एकदाच पाहिलं होतं, तेही पहिल्या पडद्यापुरतं. ग्रेटाने पुढे होऊन ते फुकट खेळता येईल असं करून दिलं. लहूने बाहुली चालवायची दांडी धरली. बोटं जड झाली होती, पण वाट ती विसरली नव्हती. पहिला पडदा गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर डावीकडच्या जिन्यावरून पहारेकरी उतरायला लागला, पहिल्या पायरीवर आला, आणि तिथेच थरथरत राहिला. खाली येईना, वर जाईना.

लहूने दांडी सोडली. बाहुली मेली. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा तिसऱ्या पडद्यापर्यंत गेला. पहारेकरी पुन्हा त्याच पायरीवर अडकला.

"काय झालं, बाबा?" उपासनाने विचारलं.

"ही चूक माझी आहे," तो सावकाश म्हणाला. "पण ही चूक विकायच्या गेममध्ये नव्हती. एका मशीनमध्येच होती."

मग त्याने समजावून सांगितलं. नवा गेम बाजारात न्यायच्या आधी एक मशीन कुठेतरी ठेवून लोक खेळतात का ते बघायची पद्धत होती. हॅलरच्या मेव्हण्याचा बोलिंगचा हॉल होता. शुक्रवारी लहूने चिप्समध्ये प्रोग्राम भरला, मशीन त्या हॉलमध्ये गेलं. रविवारी रात्री परत आलं. डाव्या जिन्यावर पहारेकरी अडकतो अशी तक्रार आली होती, म्हणून सोमवारी लहूने ती चूक काढली आणि जुन्या चिप्स स्वतःच्या हाताने पुसल्या. त्यानंतर वॉल्टरच्या, हॅलरच्या, कोणाच्याही हातात जे आलं, त्यात पहारेकरी सरळ जिना उतरत होता. म्हणजे प्रोग्राम चोरीला गेला तो त्या हॉलमध्ये, त्या दोन दिवसांत.

"मशीनची किल्ली कोणाकडे होती?" त्याने वॉल्टरला विचारलं.

"हॅलरकडे. तो कोणाला द्यायचाच नाही."

"पण मशीन हॉलवर तुझ्या व्हॅनमधून गेलं."

"गेलं. उतरवून निघालो."

"असं तू म्हणतोस," लहू म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा कोरडा झाला होता. "त्या दोन दिवसांत तू कुठे होतास, मला काय माहीत."

वॉल्टर काही म्हणणार तेवढ्यात शीला पुढे आली. इतका वेळ ती कोट घालूनच मागे उभी होती.

"थंडीचे दिवस होते का ते?" तिने विचारलं. "जानेवारीतले? सगळ्या गाड्या बंद पडल्या होत्या तेव्हाचे?"

"हो," लहू म्हणाला. "सोमवारी ऑफिसात पाइप फुटलेले होते."

"अहो, मग ती उपासनाची वेळ." ती मराठीत बोलत होती आणि वॉल्टर तिच्या तोंडाकडे बघत होता. "शुक्रवारी रात्री आपली गाडी सुरू होईना, म्हणून तुम्ही याला फोन केला. हा व्हॅन घेऊन आला. मागच्या बाजूला मला घोंगडीवर बसवून हॉस्पिटलला नेलं. आणि मग हाही तिथेच राहिला, कारण त्याची व्हॅनही गोठली. रविवारी दुपारी ही झाली. तोपर्यंत तुम्ही दोघं बाहेर एका बाकावर बसला होतात. नर्स मला विचारत होती, यातला बाप कोणता."

ती वेळ लहूला पाठ होती. वॉल्टरने मशीनमधली कॉफी आणून दिलेली आठवत होती. त्याच्या खांद्यावर डोकं टाकून आपण झोपलो होतो, हेही आठवत होतं. फक्त ते दोन दिवस आणि हे दोन दिवस एकच आहेत, हे त्याने कधी जुळवून पाहिलं नव्हतं. चोरी कधी झाली हेच माहीत नव्हतं, तर जुळवणार काय?

"काय म्हणाली ती?" वॉल्टरने विचारलं.

उपासनाने त्याला इंग्रजीत सांगितलं. वॉल्टर खाली बसला आणि काठी गुडघ्यांवर आडवी धरून जमिनीकडे बघत राहिला.

"मशीन परत कोणी आणलं होतं, आठवतं तुला?" तो म्हणाला. "हॅलरने. स्वतः, मेव्हण्याच्या ट्रकमधून. त्या मरणाच्या थंडीत. खुर्ची उचलायला सांगितली तरी दोन माणसं बोलावणारा तो."

"कंपनीतल्या भागीदारांना न कळवता त्यानेच विकलं असेल," लहू म्हणाला. "आणि त्यांना दाखवायला एक चोर हवा होता."

"असेल."

"सिद्ध करता येणार नाही."

"नाही," वॉल्टर म्हणाला.

ग्रेटाला हे सगळं पाटीवर लिहायचं होतं. लहूने नको म्हटलं. मेलेल्या माणसावर पुराव्याशिवाय आरोप लिहायचा, तर हॅलरने जे केलं तेच आपण केल्यासारखं होईल, असं तो म्हणाला. नावं लिही, दोघांचीही. मग उपासनाने विचारलं, गेममध्ये इंधनच का, आणि लहूने पहिल्यांदाच मुलीला घागरीची आणि विहिरीच्या काठाची गोष्ट सांगितली. ती नागपूरच्या आजीला लहानपणी दोनदा भेटली होती. आजीने कधी हे बोलून दाखवलं नव्हतं.

"यू नेव्हर टोल्ड मी एनी ऑफ धिस," ती म्हणाली.

"कोणालाच नाही सांगितलं," लहू म्हणाला. मग वॉल्टरकडे बघून म्हणाला, "त्याला सांगितलं होतं."

त्यानंतर वॉल्टर एकदोनदा नेपरव्हिलला येऊन गेला. जुनी मैत्री होती तशी परत आली, असं म्हणता येणार नाही. दोघं जेवायला बसत आणि बोलण्यासारखं लवकरच संपे. मधली सगळी वर्षं दोघांनी वेगवेगळी काढली होती. वॉल्टरने पुढे नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यांवर चित्रं काढली, दोनदा लग्न केलं, एक मुलगा गमावला. यातलं काही लहूला माहीत नव्हतं, आणि आता विचारतानाही तो अडखळे. वॉल्टर निघून गेल्यावर कधीकधी त्याच्या मनात जुना किडा वळवळे: शुक्रवारी व्हॅनला हॉलवरून आपल्या घरी यायला किती वेळ लागला होता? मग तो स्वतःवरच चिडे.

शीलाला वाटलं होतं, आता माणूस सैल होईल. तसं झालं नाही. तो उलट जास्तच गप्प झाला, आणि काय चाललंय ते तिला बऱ्याच दिवसांनी कळलं. तो एकेक माणूस आठवत होता. पंपाच्या कंपनीतली ती मुलगी, जिने त्याच्या टेबलावर केक ठेवला होता आणि त्याने तो न खाता परत पाठवला. संघटनेतला नंदू बोरकर, वीस वर्षांचा स्नेही, ज्याच्याशी त्याने बोलणं तोडलं, कारण कोणीतरी म्हणालं होतं की नंदू तुमच्याबद्दल काहीतरी बोलत होता. काय बोलत होता, हे लहूने विचारलंच नव्हतं.

मार्चमध्ये एका शनिवारी दुपारी त्याने नंदूचा नंबर लावला. शीला शेजारीच बसली होती. बराच वेळ रिंग वाजली, मग उचलला.

"जय भीम. लहू बोलतोय. रामटेके."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"जय भीम," नंदू म्हणाला. आवाज जपून वापरल्यासारखा होता. "काय काम काढलंत?"

"काम नाही काही."

"मग आज एकदम कसा फोन?"

लहूने फोन दुसऱ्या कानाला लावला. शीलाने खुणेने विचारलं, काय म्हणतात. त्याने मान हलवली आणि पुन्हा म्हणाला, "नाही, खरंच काही काम नव्हतं. तुम्ही बरे आहात ना, एवढंच विचारायचं होतं."

लहू उत्तराची वाट बघत फोन धरून बसून राहिला.